अंड्यांचे पाळणाघर आणि त्याचे राखणदार

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मराठी वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असते. एक म्हणजे १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आणि दुसरे म्हणजे १९२० ते १९३८ या काळात येथील शाळेत शिक्षक असलेले वि. स. खांडेकर. या गावाकडे पाहण्याचे तिसरेही एक कारण आहे. सुरूच्या बनापलीकडे जी लांबच लांब पुळण पसरली आहे, तेथे हिवाळ्याच्या रात्री समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी येतात. शिरोडा, वायंगणी आणि कोकणातील अशा इतर किनाऱ्यांवर या अंड्यांसाठी गावकऱ्यांच्या मदतीने आसरे चालवले जातात.

जनावरांचा आसरा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पांजरपोळ उभा राहतो. म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांना तेथे चारापाणी मिळते. किनाऱ्यावरचा आसरा वेगळा आहे. तेथील पाहुणे अजून जन्मलेलेच नसतात. जाळीने वेढलेला वाळूचा एक तुकडा, त्यात ओळीने केलेले खड्डे आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी, एवढेच त्याचे स्वरूप. येथे राबणाऱ्या माणसांना कोकणात ‘कासवमित्र’ म्हणतात. त्यांचे काम वरवर राखणदारीचे वाटते. पण त्यातील प्रत्येक कृतीमागे जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र कसे दडलेले आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आसऱ्याची गरज का पडली?

कोकणात प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. ही समुद्री कासवांमधील लहान जात होय. मादीची पाठ साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात ती रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर मागच्या पायांनी घागरीच्या आकाराचा सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुढे तिचा त्या अंड्यांशी संबंध उरत नाही. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले आपली आपण वर येतात.

या दीड-दोन महिन्यांत कोल्हे, कुत्री, रानडुकरे आणि कुर्ल्या घरट्यांपर्यंत पोहोचतात. उधाणाची भरती खाली घातलेली घरटी धुऊन नेते. माणूसही मागे नव्हता. अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी उकरून नेली जात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे व अंडी काढणे हा गुन्हा आहे. पण अंधाऱ्या पुळणीवर कायदा पहारा देत नाही, तो माणसांनाच द्यावा लागतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे हे काम सुरू केले आणि त्यात गावकऱ्यांना सामील करून घेतले. पुढे वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने ते कोकणच्या इतर किनाऱ्यांवर पसरले. अंडी कोठे सापडतात हे ज्यांना पक्के ठाऊक होते, तीच माणसे अनेक ठिकाणी उत्तम रक्षक ठरली, हे या कामाचे एक वैशिष्ट्य आहे.

पहाटेची घाई कशासाठी?

कासवमित्र पहाटे, उजाडण्यापूर्वी, किनारा पायी तुडवतात. मादीच्या चारही पायांचा वाळूवर रुंद पट्टा उमटतो. एक माग वर येताना, एक परत जाताना. दोन्ही माग जेथे मिळतात, तेथे वाळू विस्कटलेली असते. काठीने अलगद चाचपून पाहिल्यावर ज्या ठिकाणी वाळू भुसभुशीत लागते, तेथे घरटे असते. मग हाताने वाळू काढून अंडी मोजत बादलीत ठेवायची, खड्ड्याची खोली मोजायची आणि तशाच आकाराच्या, तेवढ्याच खोल खड्ड्यात ती आसऱ्यात पुरायची.

हे सगळे भराभर आणि तरीही हलक्या हाताने करावे लागते. का बरे? कोंबडीचे अंडे उबवताना कोंबडी ते वारंवार फिरवते. मग कासवाचे अंडे फिरले तर काय बिघडते?

पक्ष्यांच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पिळदार दोऱ्या धरून ठेवतात. अंडे फिरले तरी बलक आतल्या आत वळतो आणि भ्रूणाची बाजू वरच राहते. कासवाच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात. मादीच्या पोटात असताना प्राणवायूच्या कमतरतेमुळे भ्रूणाची वाढ थांबलेली असते. अंडे वाळूत पडले की काही तासांत ती पुन्हा सुरू होते. भ्रूण बलकाच्या वरच्या टोकाला येतो आणि कवचाच्या आतल्या पटलाला चिकटतो, कारण त्याला श्वसनासाठी लागणारा प्राणवायू कवचातूनच मिळायचा असतो. यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर ती नाजूक पटले फाटतात आणि भ्रूण मरतो. म्हणून अंडी पहिल्या दोन-तीन तासांत हलवणे सर्वांत चांगले. उशीर झालाच, तर अंड्याची वरची बाजू वरच ठेवून ते नेतात. सकाळी उशिरा पोहोचणाऱ्या माणसाच्या हातून घरटे कुत्र्यांपासून वाचेल, पण पिल्ले वाचतीलच असे नाही.

वाळू ठरवते नर की मादी

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांवरून ठरते. समुद्री कासवात तसे नसते. अंडे उबण्याच्या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात वाळूचे तापमान किती होते, यावर पिल्लाचे लिंग ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे घडते, हे मादलेन शार्निए या संशोधिकेने १९६६ साली एका सरड्याच्या अभ्यासातून दाखवले. ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही प्रकारची पिल्ले निपजतात. तापमान त्याखाली राहिले तर बहुतेक नर आणि दोन अंशांनी वर गेले तर बहुतेक माद्या. ३५ अंशांच्या पलीकडे गेल्यास पिल्ले अंड्यातच मरू लागतात.

आता कासवमित्राच्या साध्या वाटणाऱ्या निर्णयांकडे पुन्हा पाहू. आसरा सुरूच्या सावलीत बांधायचा की उघड्यावर? वर जाळी टाकायची की झावळ्यांचा मांडव? घरटी किती जवळ करायची? वाढत्या भ्रूणांच्या शरीरक्रियेमुळेही उष्णता निर्माण होते, त्यामुळे शेवटच्या दिवसांत घरट्याचे तापमान आजूबाजूच्या वाळूपेक्षा वाढते. घरटी दाटीवाटीने केली तर ही उष्णता साचते. म्हणून त्यांच्यात सुमारे एक मीटर अंतर ठेवावे, असे सांगितले जाते. नैसर्गिक किनाऱ्यावर एखादे घरटे सावलीत, एखादे उन्हात, एखादे ओलसर जागी असते. त्यामुळे नर-माद्यांचे प्रमाण आपोआप मिश्र राहते. आसऱ्यात सगळी घरटी एकाच परिस्थितीत येतात. म्हणजेच एक मांडव घालण्याचा वा न घालण्याचा निर्णय शेकडो पिल्लांचे लिंग ठरवून जातो.

ही केवळ कल्पना नव्हे. मेक्सिकोच्या आखातातील केम्प्स रिडले हे आपल्या कासवाचे जवळचे भावंड. १९४७ साली घेतलेल्या एका चित्रफितीवरून, त्या दिवशी रांचो नुएव्हो येथील किनाऱ्यावर सुमारे ४०,००० माद्या असाव्यात, असा अंदाज पुढे करण्यात आला. १९८५ साली संपूर्ण हंगामात फक्त ७०२ घरटी आढळली. ही जात वाचावी म्हणून १९७८ पासून तेथील काही अंडी अमेरिकेतील टेक्ससच्या पाद्रे बेटावर नेऊन फोमच्या खोक्यांत उबवली जाऊ लागली. काळजी भरपूर होती, पण खोक्यांतील वाळू थंड राहत होती. पहिल्या काही वर्षांतली बहुतेक पिल्ले नर निघाली. कारण कळल्यावर तापमान वाढवण्यात आले आणि माद्या जन्मू लागल्या. त्या प्रकल्पातील कासवे पाद्रे बेटावर अंडी घालताना प्रथम आढळली ती १९९६ साली, म्हणजे सुरुवातीनंतर १८ वर्षांनी.

आजचा धोका उलट्या बाजूचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या समुद्री कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या कोवळ्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या होत्या. पृथ्वीचे तापमान वाढत असताना वाळूतील तापमापकाकडे लक्ष ठेवणे हे आसऱ्याच्या कामातील सर्वांत महत्त्वाचे कलम ठरणार आहे.

पिल्ले सोडताना

पिल्ले बाहेर पडण्याचे दिवस जवळ आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. वर आलेली पिल्ले मोजून, भरतीच्या रेषेच्या अलीकडे वाळूवर सोडतात. ती थेट पाण्यात सोडत नाहीत. पिल्लू वाळूवरून चालत समुद्राकडे जाते, तेव्हा त्याला दिशांची ओळख होते. ते क्षितिजाच्या उजळ, सखल बाजूकडे वळते. काळोख्या रात्री ती बाजू समुद्राची असते. मात्र किनाऱ्यावर प्रखर दिवे असतील तर पिल्ले गावाकडे चालू लागतात.

पिल्लाच्या पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी थोडीच असते. या बळावर ते पहिला एक दिवस जवळजवळ न थांबता पोहते व भक्षकांनी भरलेला उथळ पट्टा ओलांडते. म्हणून पिल्ले टबात ठेवून देणे योग्य नाही. येथे एक पेच उभा राहतो. वेळासच्या कासव महोत्सवासारख्या कार्यक्रमांमुळे गावात पर्यटक येतात, घरोघरी जेवणाराहण्याची सोय होऊन चार पैसे मिळतात आणि कासव टिकण्यात गावाचा स्वार्थ निर्माण होतो. पण पर्यटक दुपारी पोहोचले म्हणून पिल्ले दुपारी सोडता येत नाहीत. तापलेली वाळू आणि घिरट्या घालणाऱ्या घारी त्यांना जगू देणार नाहीत. पहाटेची किंवा सूर्यास्ताची वेळ पाळणे आणि दुरून आलेल्या पाहुण्याला नम्रपणे थांबायला सांगणे, हेही कासवमित्राचेच काम.

फळ कधी दिसणार?

पिल्लू वयात येण्यास बारा-पंधरा वर्षे लागतात आणि हजारात एखादेच तेथवर पोहोचते, असा अंदाज आहे. गेलेले कासव कोठे जाते, हे आता थोडे कळू लागले आहे. २०२२ साली वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवण्यात आली. २०२३ साली गुहागरहून अशाच यंत्रासह निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. तर २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे अगदी वेगळी नाहीत, याचा हा ठोस पुरावा होय. असा पुरावा मिळतो, कारण रात्रीच्या अंधारात कोणीतरी बिल्ल्यावरचा आकडा नीट वाचून वहीत लिहिलेला असतो.

ही वही लिहिणारी माणसे कोण? कोणी मासेमारी करतो, कोणी बागायतीत राबतो, कोणी पर्यटकांची सोय पाहतो. हंगामापुरते मानधन मिळते, ते उपजीविकेला पुरेसे नसते. थंडीच्या पहाटे रोज कित्येक किलोमीटर चालणे, उधाणाच्या रात्री जाळी सावरणे, अंडी, पिल्ले आणि वाया गेलेली अंडी यांची खरी संख्या लिहिणे, हे सर्व त्यांनी करायचे. वाया गेलेल्या अंड्यांची नोंद प्रामाणिकपणे झाली, तरच कोठे चुकते ते शोधता येते. हा विज्ञानाचाच गुण आहे आणि तो प्रयोगशाळेबाहेरही तितकाच मोलाचा आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आसरा हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. मादीने निवडलेल्या जागी घरटे सुरक्षित राहत असेल, तर ते तेथेच राहू देणे सर्वांत उत्तम. किनाऱ्यावर भटकी कुत्री कमी झाली, दिवे झाकले गेले, पुळण मोकळी राहिली, तर बादली घेऊन धावण्याची वेळ कमी वेळा येईल. आपली गरज कमी होत जावी म्हणून झटणाऱ्या थोड्या संस्थांपैकी ही एक आहे.

वर्गासाठी एक प्रयोग

हा प्रयोग शाळेच्या आवारात करावा. किनाऱ्यावर हंगामात कोठेही उकरू नये. वाळूचा सुमारे दोन फूट उंच ढीग करा. ५ सेंटिमीटर आणि ४५ सेंटिमीटर खोलीवर पोहोचतील अशा दोन बंद तळाच्या नळ्या त्यात पुरून त्यांत तापमापक सोडा व तोंडे कापसाने बंद करा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा दर तासाला नोंद घ्या. वरच्या थरात तापमान बरेच चढेल-उतरेल, खाली मात्र ते जवळजवळ स्थिर राहील. कारण वाळू उष्णतेची मंद वाहक आहे आणि दिवसाची उष्णता खाली पोहोचेपर्यंत रात्र येते. मादी दीड फूट खोल का खणते, याचे एक उत्तर विद्यार्थ्यांना येथे मिळेल. मग शेजारी तसाच दुसरा ढीग करून त्यावर झावळ्यांचा मांडव घाला आणि दोन आठवडे रोज खालच्या थराचे तापमान नोंदवा. दोन्ही ढिगांतील फरक एक-दोन अंशांचाच निघाला, तरी निराश होऊ नका. तेवढ्या फरकाने काय काय ठरते, हे आता विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.