स्तनाचा कर्करोग आणि वैवाहिक जीवन

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांमध्ये या रोगाचे नव्याने निदान झाले. रोगाची लक्षणे कोणती, तपासणी कशी करावी, याविषयी आता पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. परंतु बायोप्सीचा अहवाल घेऊन पती-पत्नी घरी परतल्यानंतर त्या घरात काय घडते, याविषयी क्वचितच बोलले जाते.

बहुतेक घरांत प्रथम शांतता पसरते. पत्नीला धीर सुटू नये म्हणून पती आपली भीती लपवितो आणि 'काही होणार नाही' एवढेच वारंवार सांगतो. पतीवर आधीच खर्चाचा व धावपळीचा भार आहे, हे जाणून पत्नीही आपले अश्रू न्हाणीघरात ढाळून बाहेर येते. दोघांचाही हेतू प्रेमाचाच असतो. तथापि एकमेकांना जपण्यासाठी पाळलेले हे मौन दोघांचाही मानसिक ताण वाढविते, असे या विषयावरील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. आजारी पत्नीला पुष्कळदा उपदेश नको असतो. तिचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणारा माणूस हवा असतो. आपल्या पुरुषांना हे कठीण जाते. डॉक्टर शोधणे, पैसे उभे करणे, पहाटेची गाडी पकडून वसई-विरारहून परळ गाठणे ही कामे ते निष्ठेने करतात; मात्र शेजारी बसून नुसते ऐकणे म्हणजे काही न करणे, असे त्यांना वाटते.

त्यानंतर शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो. संपूर्ण स्तन काढावा की केवळ गाठ व तिच्याभोवतालचा भाग काढून किरणोपचार द्यावेत, हा निर्णय अनेकदा सासर-माहेरची वडीलधारी मंडळी घेतात, आणि 'काढूनच टाका, कटकट नको' असा निकाल देतात. वस्तुतः लवकर निदान झालेल्या व गाठ लहान असलेल्या रुग्णांना दोन्ही पद्धतींनी सारखेच आयुष्य लाभते, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. प्रत्येकीला ही शस्त्रक्रिया शक्य नसते. परंतु जिला शक्य आहे तिचे मत विचारले गेलेच पाहिजे. शरीर तिचे आहे.

स्तन गमावल्यावर स्त्रीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पतीच्या नजरेचा. जखमेला धक्का लागेल म्हणून पती काही काळ दूर राहतो, वेगळ्या खोलीत झोपतो. पत्नी त्याचा अर्थ 'आता मी त्याला नकोशी झाले' असा लावते. एका वाक्याने दूर होणारा हा गैरसमज कित्येक घरांत वर्षानुवर्षे टिकून राहतो. केमोथेरपीमुळे केस गळतात, अन्नाची चव जाते, कमालीचा थकवा येतो. तरुण स्त्रीची पाळीही अकाली बंद होऊ शकते. पुढे टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी गोळी पाच वा त्याहून अधिक वर्षे घ्यावी लागते. या उपचारांमुळे शरीरसंबंधाची इच्छा मंदावणे, कोरडेपणामुळे वेदना होणे हे सामान्य परिणाम आहेत. ते उपचारांचे परिणाम आहेत. प्रेम आटल्याची ती खूण नव्हे. त्यांवर उपाय असतात व ते डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दरम्यान हात हातात घेणे, डोक्यावरून हात फिरविणे यांना कोणत्याही डॉक्टरांची मनाई नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कर्करोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने किंवा शरीरसंबंधाने तो दुसऱ्याला होत नाही. स्तनासाठी बाहेरून यंत्राद्वारे किरणोपचार घेऊन आलेल्या स्त्रीच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. तिने लहान मुलांना खुशाल जवळ घ्यावे. तरीही तिची भांडी वेगळी ठेवणारी घरे आहेत.

या आजाराने संसार मोडतात काय? अमेरिकेत ५१५ रुग्णांच्या पाहणीवर आधारित, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा वारंवार उल्लेख होतो. पत्नी आजारी असता सुमारे २१ टक्के विवाह मोडले, पती आजारी असता केवळ ३ टक्के. हे आकडे पुरुषांना लाजविणारे आहेत खरे. परंतु त्या रुग्णांत मेंदूतील गाठीचे व अन्य गंभीर आजारांचे रुग्ण होते, ही गोष्ट सांगितली जात नाही. डेन्मार्क व नॉर्वे येथील मोठ्या नोंदवह्यांवरून स्तनाच्या कर्करोगामुळे घटस्फोट वाढल्याचे आढळले नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील एका अभ्यासात तर ४२ टक्के जोडप्यांतील दोघांनीही या आजाराने आपण अधिक जवळ आलो असे सांगितले. आपल्या समाजात घटस्फोटाचा आकडा हे मोजमाप अपुरेच ठरते. येथे पत्नीला उपचारांसाठी म्हणून माहेरी धाडले जाते आणि परत नेण्यास कोणी येत नाही. कागदोपत्री विवाह अबाधित असतो. वेदीसमोर आजारात व आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचे दिलेले वचन अशा वेळी नेमके कोठे जाते?

मुलींच्या लग्नाची चिंता हे आजार लपविण्याचे आणखी एक कारण. 'आईला कॅन्सर आहे' हे कळल्यास स्थळे येणार नाहीत, या भीतीने गाठ लपविली जाते आणि मोलाचे महिने वाया जातात. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच थेट आनुवंशिक असतात. शिवाय असे सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकते. सारा दोष आईच्या माहेराला देणे शास्त्राला धरून नाही. घरात अनेकांना हा रोग झाला असल्यास जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा.

नवविवाहित जोडप्यांची व्यथा निराळी. उपचार सुरू असताना गर्भधारणा टाळावी लागते आणि पुढेही मूल होईल की नाही, याची शाश्वती नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४२ वर्षे वा त्याहून कमी वयाच्या ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळ्या घेतल्यावर मातृत्वासाठी त्या तात्पुरत्या थांबविल्या. सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. अर्थात गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचेच. हा विषय उपचार सुरू होण्यापूर्वीच, दोघांनी मिळून डॉक्टरांपुढे काढावा.

रुग्णाभ्यंग म्हणजे मरणाची घंटा, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही हा संस्कार घेता येतो व आजार बळावल्यास पुन्हा घेता येतो. पत्नी घाबरेल म्हणून धर्मगुरूंना न बोलाविणाऱ्या पतीने आधी तिलाच विचारावे.

पतीलाही थकण्याचा अधिकार आहे. स्वयंपाकघरातील कोणत्या डब्यात काय आहे हे ज्याने आयुष्यात कधी पाहिले नाही, त्याच्यावर एकाएकी मुलांचे डबे, नोकरी व रुग्णालय यांचा भार पडतो. शेजाऱ्यांनी व नातलगांनी 'काही लागले तर सांगा' म्हणण्याऐवजी मंगळवारचे जेवण आम्ही पाठवू, असे ठरवून सांगावे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. पैशांची सोय, राहण्याची व्यवस्था आणि घरातील अडचणी यांविषयी तेथे पतीलाही बोलता येते. पुढच्या तपासणीला जाताना दोघांचेही प्रश्न एकाच कागदावर लिहून न्यावेत.