गोव्याचा जी. आय. जो आणि घाटाखालचं ऊन

काल माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लहानपणीचा जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातला सैनिक, सापडला. उचलला, तर कंबरेपासून पाय गळून हातात! तुटला नव्हता बरं. १९८२ पासूनच्या या पावणेचार इंची गड्यांचं धड आणि पाय आतल्या रबरी रिंगने ताणून धरलेले असतात. घाटाखालच्या खामगावच्या मे महिन्यात, तेही टिनाखाली, ते रबर किती टिकणार? पाठीचा स्क्रू काढा, नवी रिंग घाला, गडी पुन्हा उभा.

आपल्याकडचे जी. आय. जो फनस्कूलचे. एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅसब्रोने १९८७ साली काढलेली ही कंपनी; कारखाना गोव्यात. साचे हॅसब्रोचे, रंग मात्र कित्येकदा भलतेच. परदेशातले संग्राहक नेमके तेच शोधतात.

जुना तुकडा घेताना आधी अंगठे बघा. बंदूक कोंबताना तेच मोडतात. अंगावर कोरलेल्या सालावर भाळू नका. ते स्वामित्वहक्काचं साल, बनवल्याचं नव्हे. सोबतचं पांढरं यान पिवळं पडलं असेल, तर भाव उतरवून मागा. मूळ बंदूक आणि खोकं असेल, तर विक्रेता ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

खोक्याला हसू नका. १९७७ च्या नाताळात स्टार वॉर्सच्या बाहुल्या तयारच नव्हत्या, म्हणून केनर कंपनीने चक्क रिकामं पाकीट विकलं. आत कुपन, चार बाहुल्या १९७८ मध्ये टपालाने. आज त्या पाकिटावरही संग्राहकांच्या उड्या पडतात.

माझ्या गड्याचा उजवा अंगठा गेलाय. डावा शाबूत.