गाडी उंच झाली, काम मात्र अर्धेच झाले!

गॅरेजच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत एक नवे काम येऊ लागले आहे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतलेला तरुण गॅरेजमध्ये येतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी दोन-तीन इंच उचलून द्या." २०२० मध्ये नवी थार आणि २०२३ मध्ये जिम्नी बाजारात आल्यापासून ही हौस वाढली आहे. जुन्या महिंद्रा जीप आणि जिप्सी बाळगणारे तर आधीपासूनच हे काम करून घेत आले आहेत. मोठे टायर बसावेत, चिखलात व दगडांत गाडीचे पोट घासू नये, हा त्यामागचा हेतू असतो. मागणी खरी आहे आणि कामाला पैसेही बरे मिळतात. परंतु हे काम बहुतेक ठिकाणी अर्धवट होते आणि त्या अर्धवटपणाची किंमत घाटात मोजावी लागते.

आम्ही ती मोजता मोजता वाचलो. आमच्याकडे जुनी एमएम ५४० जीप होती. पावसाळ्यात शेतावर जाताना ती खाली घासायची, म्हणून एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या मिस्त्रीने पुढे-मागे लांब शॅकल घातल्या आणि संध्याकाळी गाडी परत दिली. गाडी रुबाबदार दिसू लागली. आठवड्याने कसारा घाट उतरताना मात्र तिने आपले खरे रूप दाखवले. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होईना, हाताने ओढून आणावे लागे. सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकू लागली आणि ब्रेक दाबला की एका बाजूस ओढू लागली. गाडीत घरची माणसे होती. पंचवीसच्या वेगाने घाट उतरलो आणि दुसऱ्या दिवशी एका वयस्कर उस्तादांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास गाडीखाली पडून मापे घेतली आणि बाहेर येऊन एवढेच सांगितले की, गाडी उंच केली आहे, पण उंचीला जुळवलेली नाही.

हे जुळवणे म्हणजे नेमके काय, ते या लेखात मांडत आहोत. ज्यांची मुले या धंद्यात हात बसवत आहेत त्यांनी ते त्यांना अवश्य वाचून दाखवावे.

कॅस्टर आणि पाचर

सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तो मागे कललेला असतो. त्यामुळेच चाक आपणहून सरळ राहू पाहते. जीपच्या पुढच्या एक्सललाही असाच कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. हा कोन मुळात काही अंशांचाच असतो.

ज्या जीपमध्ये पुढच्या पाट्याची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, तिथे लांब शॅकल घातली की ते टोक खाली जाते, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. हिशेब सोपा आहे. पाटा ४० इंच लांब धरला आणि शॅकल २ इंचांनी वाढवली, तर पाटा जवळजवळ ३ अंशांनी फिरतो. म्हणजे होता तो कॅस्टर बहुतेक संपलाच! शिवाय एक्सल पाट्याच्या मध्याजवळ असल्याने २ इंच लांब शॅकलने गाडी उचलली जाते ती १ इंचच. इतक्या थोड्या उंचीसाठी आमच्या जीपचे स्टिअरिंग हातातून गेले होते.

यावरचा उपाय म्हणजे पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवणे. एक्सल पाट्यावर बसलेला असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवावी. पाटा एक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे. उलटी पाचर बसली तर राहिलेला कॅस्टरही जातो, म्हणून आवळण्यापूर्वी कोनमापकाने खात्री करावी. पाचर लाकडाची किंवा पत्र्याच्या तुकड्यांची कधीही नसावी. सेंटर बोल्ट तिच्या भोकातून जाऊन त्याचे डोके एक्सलच्या खाचेत नीट बसले पाहिजे. पाचरीने पुढच्या पिनियनचे तोंड थोडे खाली जाते, हे खरे. परंतु पुढचा शाफ्ट फोर-व्हील लावल्यावरच जोर घेतो, स्टिअरिंग मात्र क्षणोक्षणी लागते. म्हणून आधी कॅस्टर पाहावा.

स्टिअरिंगचा दांडा

स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर असतो आणि चाके एक्सलवर. चेसिस वर गेले की दोघांना जोडणारा ड्रॅग लिंक तिरपा होतो. मग खड्ड्यात एक्सल वर-खाली झाला किंवा ब्रेकने गाडीचे नाक दबले की हा दांडा चाकांना आपोआप वळवतो. आमची जीप ब्रेकला ओढत होती ती यामुळेच. ब्रेकमध्ये दोष नव्हता. उंचीला जुळणारा खाली उतरता पिटमन आर्म किंवा त्या गाडीसाठी तयार केलेला लिंक घालून दांडा शक्य तितका मूळच्या कोनात आणावा आणि मग स्टिअरिंगचे चक्र मध्यावर घ्यावे. दांडा तापवून वाकवणे किंवा कापून वेल्ड करणे हे काम कोणी कितीही पैसे दिले तरी घेऊ नये. स्टिअरिंगचा दांडा तुटला तर चालकाच्या हाती काही उरत नाही.

कॉइल स्प्रिंगच्या सलग एक्सलवर, उदाहरणार्थ जिम्नीवर, एक्सलला बाजूने धरणारा आडवा दांडा असतो. गाडी उचलली की हा दांडा एक्सलला एका बाजूला ओढतो आणि चाके चेसिसच्या मध्यापासून सरकतात. तिथे लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा बसवून एक्सल मध्यावर आणावा लागतो.

शाफ्ट आणि क्रॉस

मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. पिनियन आणि ट्रान्सफर केसचे तोंड एकमेकांना समांतर असेल तरच एका क्रॉसचा झटका दुसरा क्रॉस मारून टाकतो. मागच्या पाट्याची शॅकल मागच्या टोकाला असेल आणि ती लांब केली, तर पिनियनचे तोंड वर होते व ही समांतरता मोडते. मग वेगात गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. इथेही पाचरीनेच कोन जुळवावा.

पण समांतर केले तरी कोन वाढलेलाच राहतो. जीपचा शाफ्ट आखूड असतो. २४ इंची शाफ्टवर ३ इंच उंची वाढवली की कोन सुमारे ७ अंशांनी वाढतो. तेवढा क्रॉसला झेपत नसेल तर ट्रान्सफर केस थोडी खाली घ्यावी किंवा डबल क्रॉसचा शाफ्ट बनवून घ्यावा. शाफ्टचा सरकता जोड किती बाहेर आला आहे, हेही चाके लोंबती ठेवून पाहावे.

शॉकअप, ब्रेकचे पाइप आणि स्टॉपर

गाडी चेसिसखाली घोड्यांवर उभी करून चाके पूर्ण लोंबू द्यावीत. या अवस्थेत शॉकअप ताणून अडत असेल तर तो आखूड आहे. ब्रेकचा रबरी पाइप ताणलेला दिसला तर तो धोकादायक आहे, लांब पाइप घातल्याशिवाय गाडी सोडू नये. मग एक्सल जॅकने वर दाबून शॉकअप तळाला ठेकत नाही ना, टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासत नाही ना, ते पाहावे. घासत असेल तर रबरी स्टॉपर तेवढा लांब करावा.

काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो एका दांडीने एक्सलला जोडलेला असतो. चेसिस एक्सलपासून दूर गेले की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असे समजतो व मागचा ब्रेक कमी करतो. गाडी माणसांनी भरलेली असते आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा लागतो! दांडी नव्या उंचीप्रमाणे लावणे हे थोड्या वेळाचे काम आहे, पण बहुतेक ठिकाणी तेच विसरले जाते.

टॉर्शन बारची गाडी

२०१० च्या थार सीआरडीई सारख्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्र आणि टॉर्शन बारवर असतात. तिथे दोन बोल्ट आवळले की पुढचा भाग उठतो. काम फुकटचे वाटते, पण तसे नाही. चाकाला खाली जायला जागा उरत नाही, बॉल जॉइंट आणि बाहेरचे शाफ्ट तिरपे होऊन रबरी बूट फाटतात, कॅम्बर आणि टो दोन्ही बिघडतात. अशी गाडी थोडीच उचलावी आणि अलाइनमेंट केल्याशिवाय देऊ नये.

आवळण्याची रीत

यू-बोल्ट नेहमी नवे घालावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही. पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. त्यानंतर टो-इन कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे लावावा. हेडलाइट खाली घ्यावेत, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलावून सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

कायदा आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. म्हणून ग्राहकाला हे आधी सांगावे, आरटीओकडे विचारणा करायला लावावी आणि जे बसत नाही ते काम नाकारावे. दुसऱ्या कोणी उचललेली गाडी दुरुस्तीला आली, तर तिला मूळ उंचीवर आणण्याचा सल्ला पहिला द्यावा.

हिशेब पूर्ण द्यावा

आमच्या उस्तादांनी तेच केले. लांब शॅकल काढून मूळच्या शॅकल घातल्या, नवे यू-बोल्ट टाकले, कोन तपासले आणि टो लावला. गेलेला इंच आम्हाला परत मागावासा वाटला नाही.

गॅरेजवाल्या बंधूंना आमचे सांगणे इतकेच की, अंदाजपत्रक देताना फक्त उचलण्याचा भाव सांगू नका. पाचर, यू-बोल्ट, शॉकअप, ब्रेकचे पाइप, अलाइनमेंट आणि दुसऱ्यांदा आवळणे हे सारे पहिल्याच कागदावर लिहा. आकडा मोठा दिसेल, काही ग्राहक स्वस्त गॅरेजकडे जातील. जाऊ द्यावेत. त्यांतले बरेच घाट पाहून परत येतील. जो ग्राहक एवढा खर्च करायला तयार नाही, त्याची गाडी आहे त्या उंचीवरच सुरक्षित आहे, हे त्याला स्पष्ट सांगणे हाही आपल्या धंद्याचाच भाग आहे.