तोंडी नकाराला लेखी उत्तर

जून 2020 मध्ये ठाण्याच्या बाळकुम-साकेत भागात 1024 खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं, तेही काही आठवड्यांत. सरकारने मनावर घेतलं की खाट मिळते, हे बाळकुमने डोळ्यांनी पाहिलं आहे. ती सोय साथीपुरतीच होती. आता कोणी गंभीर आजारी पडलं की रिक्षा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे वळते. ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झाल्यापासून कळव्याचा भार वाढतच गेला. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा ही गोष्ट साऱ्या राज्याला कळली.

कळव्यात जागा नसली की खासगी रुग्णालय. तिथला पहिला प्रश्न असतो, डिपॉझिट किती भरताय?

कोलशेत रस्त्यावर बायर आणि क्लॅरिअंटचे कारखाने होते, तेव्हा कायम कामगाराच्या मागे ईएसआय किंवा कंपनीची वैद्यकीय सोय असे. त्या पट्ट्यात आता टॉवर उभे आहेत, आणि तिथे धुणीभांडी करायला बाळकुम पाड्यातून बायका जातात. त्यांच्या मागे काय आहे? कागदोपत्री विचाराल तर बरंच काही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 मध्ये तिचं नाव बदललं. जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. मात्र आजार यादीत हवा आणि रुग्णालयही योजनेत हवं. धर्मादाय रुग्णालयांवरचं बंधन याहून जुनं आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना घालून दिली. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत. लीलावती, जसलोक, हिंदुजा ही बडी नावंसुद्धा या यादीत येतात. तातडीच्या रुग्णाकडे अनामत न मागता आधी त्याला दाखल करून घ्यायचं, हेही त्या योजनेतच आहे. तरीही एप्रिल 2025 मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात गरोदर बाईच्या घरच्यांकडे दहा लाख मागितल्याचा आरोप झाला आणि चौकशा बसल्या.

मग अडतं कुठे? माझ्या मते, नकार तोंडी असतो तिथे. "बेड फुल आहेत." "कार्ड ऑनलाईन दिसत नाही." "आधारवरचं नाव जुळत नाही." "ही प्रोसिजर योजनेत बसत नाही." "आधी उत्पन्नाचा दाखला आणा, मग बघू." यातलं एकही वाक्य कोणी कागदावर लिहून देत नाही. जे लिहिलेलंच नाही त्याविरुद्ध अपील कसलं करणार? अमेरिकेत गरिबांच्या 'मेडिकेड' योजनेतून कोणाला वगळलं तर त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. तिच्यावर सुनावणी मागता येते, आणि तिथले मोफत वकील त्या नोटिशीवरूनच लढतात. आपल्याकडे आधी ती नोटीसच मिळवावी लागते.

हे काम करायला कायद्याने नेमलेली संस्था ठाण्यातच आहे. कोर्ट नाक्यावर, जिल्हा न्यायालयाच्या आवारात: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. लोकांच्या बोलण्यात ती 'फुकट वकील मिळतो ती जागा' असते, नाहीतर लोकअदालतवाले. कायदा 1987 चा, अंमल 9 नोव्हेंबर 1995 पासून. जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश अध्यक्ष आणि एक न्यायिक अधिकारी सचिव. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. म्हणजे पाड्यातली कोणतीही बाई केवळ बाई आहे म्हणून पात्र ठरते. धर्मादाय खाटेसाठी मात्र निर्धनाची मर्यादा 1 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला पंधरा हजार. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर ती केव्हाच ओलांडली जाते. मग 3 लाख 60 हजारांपर्यंतचा दुर्बल घटक म्हणून सवलतीचा अर्ज करायचा. हा फरक रुग्णालयाच्या खिडकीवर समजावून सांगणारा माणूस विरळा.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली, 'विधी सेवा' म्हणजे नुसता खटला चालवणं नव्हे. न्यायालयाखेरीज इतर प्राधिकरणांपुढचं काम आणि कायदेशीर सल्लाही तिच्यात येतो. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडची तक्रार लिहून देणं हे वकिलाचे उपकार नव्हेत, त्याचं कामच आहे. गरिबांना सरकारी योजनांपर्यंत पोचवण्यासाठी तर राष्ट्रीय प्राधिकरणाने 2015 मध्ये वेगळी योजनाच काढली. दुसरी, 2002 च्या दुरुस्तीने आलेली कायमस्वरूपी लोकअदालत. तिच्या कक्षेतल्या लोकोपयोगी सेवांमध्ये वीज-पाण्याबरोबर रुग्णालय आणि विमाही आहेत. दावा एक कोटीपर्यंतचा चालतो, फी नाही, आणि तडजोड फिसकटली तर ती स्वतः निर्णय देऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाचं पाठबळही आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार बसलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातल्या सरकारी रुग्णालयांनी एकापाठोपाठ एक परत पाठवलं. 1996 मध्ये न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि 25 हजारांची भरपाई दिली. लोकलच्या दारात लटकून कामाला जाणाऱ्या ठाणेकराला हा निकाल कोणी सांगितलेला नसतो.

विधी सेवा प्राधिकरणाचा दोष सांगायलाच हवा: ते कोर्टात बसतं. आजारी माणसाचे नातेवाईक कोर्टात कशाला जातील? खाट हवी असते आज रात्री, अर्ज उघडला जातो उद्या अकराला. शिबिरं होतात, पत्रकं वाटली जातात, पण प्राधिकरणाचा एक विधी स्वयंसेवक कळव्याच्या केसपेपरच्या रांगेशेजारी रोज बसला, तर त्याचा उपयोग दहा शिबिरांहून जास्त होईल. फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो. पण आरोग्यमित्र योजनेचा आणि समाजसेवा विभाग रुग्णालयाचा. रुग्णाच्या बाजूचं त्या इमारतीत कोणीच नसतं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. घरी कामाला येणाऱ्या बाईंचं रेशन कार्ड ऑनलाईन दिसतं का, आधारशी नावं जुळतात का, हे आजारपणाआधी तपासून द्या. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांगा. रुग्णालयाने नाही म्हटलं तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं पद लिहून घ्या, लेखी कारण मागणारा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. विधी सेवेचा क्रमांक 15100 आहे, फुले योजनेचा 155388. दोन्ही त्यांच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्या.