दुकानाचा पाया कसा ओळखावा?

भंडारदऱ्याचें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी प्रवरेच्या कालव्यांनीं खालच्या बागायतीस गेलें. धरणाच्या वरल्या अंगाच्या गांवांकडे मुख्यत्वें पावसाचा भात व नाचणीच राहिली. या तांदळास पुण्यामुंबईचें गिऱ्हाईक थेट मिळावें म्हणून ऑनलाइन दुकान काढावें, हा विचार आम्हांस पसंत आहे. मात्र दुकान थाटून देणारा इसम ‘हें सर्व मीं स्वतः रचिलें’ असें सांगून मोठी रक्कम मागूं लागला, तर त्यानें पूर्वीं उभारलेलें एखादें दुकान दाखवावयास सांगावें, आणि तें कशावर उभें आहे हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें.

तयार पायावर दुकान उभारण्यांत लबाडी नाहीं. औत कोणी दरसाल नवें घडवीत नाहीं. प्रश्न इतकाच, कीं जमीन खंडाची कीं मालकीची? शॉपिफाय हें कॅनडांतील कंपनीचें, २००६ सालापासूनचें. तेथें भाडें भरावें लागतें. तें थकलें कीं दुकान बंद. वूकॉमर्स २०११ सालीं निघालें. तें वर्डप्रेसवर बसतें, मूळ प्रत फुकट मिळते, व सर्व्हर बदलला तरी दुकान उचलून नेतां येतें. मॅजेंटो मोठ्या व्यापाऱ्यांचें. तें आपल्या कामाचें नव्हे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. संगणकावर दुकान उघडून मोकळ्या जागीं माउसचें उजवें बटण दाबावें व ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडावें. इंग्रजी अक्षरांचें रान दिसेल, भिऊं नये. कंट्रोल व एफ हीं बटणें एकदम दाबून इंग्रजींत शब्द शोधावे. ‘सीडीएन डॉट शॉपिफाय’ वारंवार आढळल्यास उलगडा झाला. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ ही मात्र केवळ वर्डप्रेसची खूण. त्यापुढें ‘प्लगिन्स’ व ‘वूकॉमर्स’ असे शब्द असतील तरच दुकान वूकॉमर्सचें समजावें. येथें पुष्कळजण घाई करितात. मालाच्या पत्त्यांत शॉपिफाय ‘प्रॉडक्ट्स’ असें अनेकवचन लिहितें, वूकॉमर्स बहुधा ‘प्रॉडक्ट’ असें एकवचन. परंतु वूकॉमर्सचा पत्ता बदलतां येतो, सबब हा पुरावा कच्चा. बिल्टविथ, वॅपलायझर हीं साधनें अशाच खुणा वाचून उत्तर देतात. खुणा पुसलेल्या असल्या तर तींही चुकतात.

खंडाची जमीन वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. भात निघाल्यावर चार महिने विक्री करणाऱ्या लहान मंडळीस भाड्याचेंच दुकान बरें पडेल. वूकॉमर्सची डागडुजी व राखण आपली आपणांस करावी लागते, आणि तें काम वर्षभराचें आहे. भाड्याचें दुकान मालकीचें म्हणून विकणारा मात्र दारांतूनच परत पाठवावा.

पाया कोणताही असो, दुकानाचें नांव, म्हणजे डोमेन, मंडळीच्याच नांवें नोंदवावें. मालाची व गिऱ्हाइकांची यादी शॉपिफायवरूनही सीएसव्ही फाइलींत उतरवून घेतां येते. ती दर हंगामाअखेर काढून चिटणिसांपाशीं ठेवावी.