दादूस ते ब्रो

‘ब्रो’ हा ‘ब्रदर’ या इंग्रजी शब्दाचा आखूड अवतार. आधी तो चर्चमधल्या बंधूंच्या नावाआधी लावायचा संक्षेप होता. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलण्यातून तो कुठल्याही मित्राला मारायची हाक झाला. ‘ड्यूड’ त्याच्या आधीचा. १८८३ साली न्यूयॉर्कमध्ये नटव्या पोरांना चिडवण्यासाठी तो गाजला. ‘ब्रदर’ आणि संस्कृत ‘भ्रातृ’ यांचं मूळ एकच, म्हणजे ‘ब्रो’ आणि ‘भाऊ’ दूरचे भाऊबंदच.

कल्याणात अशा हाकेची जागा कधीच रिकामी नव्हती. आगरी घरांत दादासाठी ‘दादूस’ होता, ‘बापूस’च्या वळणाचा, मायेनं ओथंबलेला. मैदानात ‘भिडू’ होता, म्हणजे आपल्या बाजूचा गडी. ‘दादा’त वडीलकी होती, मात्र गुंड हा अर्थ त्याला फार आधीच चिकटला होता.

या शब्दांची खरी पडझड १९९०नंतरच्या दहा वर्षांत झाली. मुंबईतल्या टोळीयुद्धाच्या बातम्या लोकलच्या डब्यात रोज वाचल्या जात, आणि ‘भाई’ म्हणजे टोळीचा म्होरक्या हा अर्थ पक्का होत गेला. १९९८च्या ‘सत्या’ चित्रपटानं तो घरोघर पोचवला. साध्या माणसाला प्रेमानं ‘भाई’ म्हणणं अवघड झालं, हे त्या दशकाचं मोठं नुकसान. पुढे फ्लेक्स आले आणि ‘भाऊ’ चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर जाऊन बसला. नात्याचे शब्द असे एकेक करून सत्तेनं आणि दहशतीनं उचलले. बरोबरीच्या पोराला मारायला हलकी हाक उरली नाही. काही वर्षं हिंदीतल्या ‘यार’वर भागलं. त्याआधीच, १९९४मध्ये चॅनल व्ही आणि १९९६मध्ये एमटीव्ही इंडिया घरात आले होते, आणि इंग्रजी हाकांना वाट मिळाली होती. मोबाइल हातोहाती आल्यावर ‘ब्रो’चं बस्तान बसलं.

आज रिक्षावाला, वर्गमित्र, मैत्रीण, सगळेच ‘ब्रो’. ‘मित्र’चं ‘मित्रा’ होतं, ‘भाऊ’चं ‘भावा’ होतं; हाक मारताना मराठी शब्द वाकतो, ‘ब्रो’ वाकत नाही. त्यात थोरला-धाकटा नाही, ‘अरे’ आणि ‘अहो’ यांतला फरकही नाही. ही सोय खरीच, पण समोरचा आपला कोण लागतो हे त्यातून कळत नाही.

कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या आगरी गावांतली तरुण पोरंही आता एकमेकांना ‘ब्रो’ म्हणतात, ते अधिक लागतं. ‘दादूस’ घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आणि हळदीच्या गाण्यांत टिकून आहे. आगरी गायक संतोष चौधरी याच नावानं ओळखले जातात.