अंतराळवीराचे उरलेले आयुष्य

पेडणे तालुक्यातील हरमल हे समुद्रकाठचे गाव. याच तालुक्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. अशा परिसरातील एखाद्या मुलाने वा मुलीने अंतराळवीर होण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. उलट त्या वाटेचे खरे स्वरूप त्यांस समजावून द्यावे. त्यासाठी राकेश शर्मा यांच्या चरित्रासारखे दुसरे उदाहरण आम्हांस दिसत नाही.

१९४९ साली पतियाळा येथे जन्मलेले शर्मा १९६६ मध्ये पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले व १९७० मध्ये वायुदलात वैमानिक झाले. १९७१ च्या युद्धात त्यांनी मिग-२१ विमान चालविले. पुढे ते चाचणी-वैमानिक झाले. अंतराळासाठी निवड झाल्यावर मॉस्कोजवळच्या केंद्रात रशियन भाषेपासून सारे नव्याने शिकले. ३ एप्रिल १९८४ रोजी मालिशेव्ह व स्त्रेकालोव्ह यांच्यासह ‘सोयूझ टी-११’ यानातून ते ‘सल्यूत-७’ स्थानकाकडे निघाले. ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटे ते अंतराळात होते. तेथे त्यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली आणि योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम तपासला.

त्या वेळी त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे! सत्कार आटोपले, मग पुढे काय? शर्मा पुन्हा विमानाकडे वळले. १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रुजू झाले आणि १९९२ पर्यंत नाशिक विभागाचे मुख्य चाचणी-वैमानिक होते. त्यानंतर बंगळूरला गेले. कारखान्यातून निघालेले विमान प्रथम आकाशात न्यावयाचे, त्यातील दोष हेरावयाचे व उतरल्यावर नेमकेपणाने सांगावयाचे, असे हे काम. त्यात जोखीम पुष्कळ आणि जयजयकार मुळीच नाही.

त्यांच्याबरोबर रवीश मल्होत्रा यांनीही तेच कठोर शिक्षण पुरे केले होते. ते राखीव होते. त्यांना उड्डाणाची संधी कधीच लाभली नाही. पृथ्वीच्या कक्षेत जाणारा पुढचा भारतीय नागरिक, शुभांशु शुक्ला, गेला तो जून २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी. तेही वायुदलाचे चाचणी-वैमानिकच.

यावरून पालकांनी एवढे जाणावे की, अंतराळयात्रा हा या व्यवसायातील एक दुर्मिळ योग आहे. तो येईलच असे नाही. परंतु विमानविद्या, गणित, निरोगी शरीर आणि शिस्त यांवर उभे राहिलेले आयुष्य तो योग न येताही सार्थ होते. २०२२ पासून प्रबोधिनीचे द्वार मुलींनाही खुले झाले आहे. आपल्या समाजातील मुलामुलींनी त्या द्वाराशी जावे आणि घरच्यांनी निवडीच्या यशापयशाचा बाऊ न करता त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे.